मांडवाच्या तारेचा पतंग

माझा धाकटा भाऊ सावळीराम वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एप्रिलमधल्या एका गुरुवारी, कोणतेही शिक्षण, साधना किंवा पात्रता नसताना वैद्य झाला. त्याची औषधपेटी म्हणजे उजव्या हाताची तर्जनी. रुग्णाने चपला काढून ओल्या मातीत उभे राहायचे, सावळीरामने बोट त्याच्या दुखऱ्या गुडघ्याजवळ न्यायचे, 'चट्' असा आवाज व्हायचा, रुग्ण 'आयो!' म्हणून वीतभर उडायचा आणि खाली येईपर्यंत बरा झालेला असायचा. पथ्य नव्हते. गुरुवारी एक रुग्ण होता, शुक्रवारी सतरा, आणि शनिवारी दुपारी गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठच्या आमच्या द्राक्षबागेत जी रांग लागली तिचे शेवटचे टोक रस्त्यावरच्या रसवंतीपर्यंत गेले होते.

मी चौतीस वर्षे नाशिकमधल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. स्थितिक विद्युत हे प्रकरण चौतीस वेळा शिकवले आणि त्यातल्या किमान तीस वेळा समोरच्या बाकांवर संपूर्ण अज्ञान शांतपणे बसलेले पाहिले. पण त्या अज्ञानाला निदान परीक्षेची भीती होती. सावळीरामच्या रांगेतल्या अज्ञानाला कसलीच भीती नव्हती. त्याच्या हातात नारळ होता.

या वैद्यकाचा उगम माझ्या भाच्याच्या, म्हणजे सावळीरामच्या मुलाच्या, उत्साहात होता. मनोजने बागेत कृषी पर्यटन सुरू केले आहे. मुंबईहून आलेल्या माणसाला द्राक्षे तोडून झाल्यावर उरलेल्या दिवसाचे काय करायचे हा प्रश्न पडतो. त्यावर उपाय म्हणून मनोजने एक पॉवर काइट मागवली. नऊ चौरस मीटर कापड, काडी एकही नाही, वारा भरला की फुगणारे कप्पे, आणि चार लांब दोऱ्या. हा पतंग बघायचा नसतो, तो माणसाला ओढतो. कमरेला पट्टा बांधायचा, दोऱ्या पट्ट्याच्या आकड्यात अडकवायच्या, हातातल्या दांडीने पतंग वळवायचा आणि मोकळ्या रानात टाचा घासत वीस पावले फरफटत जायचे. समुद्रकिनारी लोक हे फळीवर उभे राहून करतात. आमच्याकडे ते ढेकळांत करत आणि तरीही हसत.

एप्रिलच्या सुरुवातीला पतंग झोक खाऊन द्राक्षवेलींच्या मांडवावर पडला आणि चारही दोऱ्या लोखंडी अँगलवर घासून तुटल्या. त्या दोऱ्या खास बनावटीच्या, केसासारख्या बारीक आणि हत्ती ओढतील अशा. नव्या यायला तीन आठवडे लागणार होते. यापुढे जे घडले ते जगात दुसरीकडे कुठे घडले नसते, असे मी जबाबदारीने लिहिते. समुद्रकाठच्या माणसाने वाट पाहिली असती. द्राक्षवाला वाट पाहत नाही, कारण त्याच्या लेखी तुटणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असते. ज्या तारेवर वर्षानुवर्षे टनावारी घड लटकतात, ती मांडवाची जस्त चढवलेली लोखंडी तार त्याच्या शेडमध्ये नेहमी भेंडोळे करून पडलेली असते. सावळीरामने त्यातली बारीक तार निवडली, सत्तर सत्तर मीटरचे चार तुकडे कापले आणि पतंगाला बांधले. "आता ह्याला ऐरावत जरी लोंबकळला तरी तुटायचं नाय," तो म्हणाला. तार तुटली नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

औषध फवारताना घालायचे रबरी गमबूट त्याच्या पायात होते. पतंग डोक्यावर स्थिर उभा केला की कमरेचा पट्टाच सगळा ओढा सोसतो; पण ओढा जास्त झाला तर सावळीराम उचलला जाऊ नये म्हणून पट्ट्याच्या मागच्या नायलॉनच्या फासाला धरून मंगळू मागे उभा असे. मंगळू सुरगाण्याकडचा, बारा वर्षांपूर्वी छाटणीच्या हंगामाला आला आणि राहिला. गुरुवारी दुपारी शेजारच्या कुसाबाईंनी चहा आणला. सावळीरामने स्टीलच्या पेल्याला हात लावला, पेला आणि बोट यांच्यात ठिणगी पडली आणि दोन वर्षे कण्हत कण्हत उठणाऱ्या कुसाबाई बसल्या जागेवरून ताडकन उभ्या राहिल्या. ताडकन कोणीही उभे राहिले असते. पण कुसाबाईंनी गुडघा दाबून पाहिला, दोन पावले टाकली आणि जाहीर केले, "भाऊ, कळ गेली."

शुक्रवारी मनोजने फोन करून मला बोलावले. "आत्या, या ना, बाबांची गंमत बघायला." मी पाहिली. वाऱ्यातले कोरडे कण सत्तर मीटर तारेवर घासत होते, वरच्या हवेतला विद्युतभार तारेवाटे खाली येत होता, आणि तो जमिनीत जाऊ नये म्हणून माझा भाऊ रबर घालून उभा होता. जो कोणी अनवाणी त्याच्याजवळ येई त्याच्या अंगातून तो भार वाट काढी.

"सावळ्या, ही तार खाली घे."

"का?"

"कारण तू सत्तर मीटर उंच विजेचा खांब झाला आहेस. वीज पडायला जागा शोधते. तू तिला जागा करून देतो आहेस."

"अगं आक्का, पायात रबर हाय ना!" त्याने एक गमबूट उचलून दाखवला. "तूच सांगितलं होतंस. रबरातून करंट जात नाय."

हे खरे होते. मी बी.एस्सी.ला असताना तो नववीत होता आणि मी त्याला हे वाक्य समजावून सांगितले होते. माझे एखादे वाक्य पन्नास वर्षे अक्षरशः लक्षात ठेवणारा माझ्या आयुष्यातला हा एकमेव विद्यार्थी, आणि त्याने नेमके हे लक्षात ठेवले.

"रबर आहे म्हणूनच तुझ्या अंगात भार साठतो. हे चटके औषध नाहीत, ती सूचना आहे. आणि जी वीज कित्येक किलोमीटर हवा फोडून येते, ती तुझ्या बोटभर रबरापाशी थांबून परवानगी मागणार आहे का?"

"पण आभाळ तर कोरं हाय. ढग दाखव."

ढग नव्हता. माझ्या बाजूची ही मोठीच उणीव होती.

"ढग आला तर उतरवशील?"

"उतरवू?" सावळीरामने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी वडिलांचा फोटो भंगारात द्यायला सांगितला होता. "न लढता?"

इथे आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. वडील येवल्याचे. येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस माणसे जमिनीवर फक्त जेवायला उतरतात. वडिलांनी तिथून इकडे येताना आसारी आणली, म्हणजे लांब दांड्याची, दोरा गुंडाळायची लाकडी फिरकी, आणि सोबत नियम आणले. पहिला: वर गेलेला पतंग न लढता उतरवायचा नाही; दमून, भुकेने किंवा अभ्यासासाठी ज्याने तो उतरवला, त्याने त्या वर्षी पुन्हा दोऱ्याला हात लावायचा नाही. दुसरा: पेच जिंकला की जिंकणाऱ्याने ताबडतोब आपला पतंग खाली घ्यायचा आणि हरलेल्याच्या हातात ठेवायचा. जिंकून वर मिरवणे वडिलांना असभ्य वाटे. या नियमांखाली आम्ही भावंडांनी अकरा संक्रांती काढल्या. त्या अकरा वर्षांत सावळीरामने माझा पतंग एकदाही काटला नाही, आणि प्रत्येक वेळी मी माझा पतंग त्याच्या हातात देताना दोन शब्द बोलले. वडिलांच्या नियमात बोलू नये असे कुठे म्हटले नव्हते.

शुक्रवारी घरी जाऊन मी एक पत्रक लिहिले. त्यात अकरा कलमे होती. पहिले कलम असे: 'धातूची तार पतंगास कदापि जोडू नये, तसेच अन्य कोणतीही दोरी ओली वा मलिन झाल्यास तीही विद्युद्वाहक होते हे ध्यानी घ्यावे.' चौथे: 'वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत, तीन सेकंदांस एक किलोमीटर, ही संख्या तिसाच्या खाली आल्यास, किंबहुना त्यापूर्वीच, पतंग उतरवून पक्क्या इमारतीत जावे.' सातवे: 'पतंगाच्या दोरीतून वा दांडीतून चटके बसू लागणे, दोरी गुणगुणणे, अंगावरील केस उभे राहणे, ही धोक्याची लक्षणे होत.' मी ते छापले, प्लास्टिकमध्ये घालून घेतले आणि शनिवारी वीस प्रती घेऊन बागेत गेले.

मनोजने ते मोठ्या आदराने वाटले. ऊन कडक होते. दहा मिनिटांत रांगेतली वीस माणसे माझ्या पत्रकाने वारा घेत होती.

"बाई," कुसाबाई पत्रक उलटसुलट करून म्हणाल्या, "ह्यात गुडघ्याचं कुठं लिहिलंय?"

"गुडघ्याचं नाही लिहिलेलं. मरणाचं लिहिलंय."

"मग ते ऱ्हाऊ द्या. ते काय, सगळ्यांनाच हाय."

मी सावळीरामजवळ गेले. त्याच्या गमबुटांना हळदकुंकू लागले होते. उजव्या गमबुटापुढे तीन नारळ होते. तो संकोचला आहे असे मला क्षणभर वाटले, पण तो नारळ मोजत होता.

साधारण चारच्या सुमारास अंजनेरीच्या मागे आभाळ शाईच्या बाटलीसारखे झाले. तिथे एकदा पांढरे काही हलले. मी मनात मोजायला सुरुवात केली. पंचेचाळीसला अगदी खोलवर, शेजारच्या घरात कपाट सरकवावे तसा आवाज आला. पंधरा किलोमीटर.

"सावळ्या, पंधरा किलोमीटरवर आहे. खाली घे."

"पंधरा म्हंजे पार तळेगावाच्या पलीकडं. तिथनं इथं यायला त्याला काय रिक्षा मिळनार हाय?"

रांग हसली. त्याने पुढच्या माणसाच्या कोपराजवळ बोट नेले. या खेपेला बोट पोचण्याआधीच ठिणगी उडाली. काल ती मोहरीएवढी होती. आता करंगळीच्या पेराएवढी लांब होती आणि तिचा आवाज वाळकी काटकी मोडावी तसा आला. तो माणूस मागच्या दोघांना घेऊन पडला.

"आज गुण जास्त हाय!" रांगेतून कोणी ओरडले, आणि मागची माणसे पुढे सरकली.

याहून निर्दोष विनोद मी आयुष्यात पाहिला नाही. ढग जवळ येत होता म्हणून चटका वाढत होता. चटका वाढत होता म्हणून रांग वाढत होती. मृत्यू जसजसा जवळ येईल तसतशी औषधाची मात्रा चढत जाणारे असे रुग्णालय कोणाला मुद्दाम बांधता आले नसते.

दुसरी चमक. सदतीस.

तारा आता बोलू लागल्या होत्या. आवाज मधमाश्यांचा नव्हता. चहाचे आधण यायच्या आधी भांडे जसे सूं करते तसा होता. मंगळू फास धरून उभा होता. त्याने मान वळवून मला हळूच हाक मारली.

"बाई, माझं हातावरचं केस उभं रायलं."

"कळलं मला."

"आमचेकडं डोंगरात असं झालं का मानूस शेळ्या टाकून पळतो."

"मग तू का पळत नाहीस?"

"मी सोडलं तं भाऊ वर जातील ना." त्याने माझ्याकडे, एवढी शिकलेली बाई असे कसे विचारते, अशा नजरेने पाहिले. "भाऊंना सांगा तुम्ही. माझं ऐकत नाय. मी काल पन सांगलं, तं म्हनं, मंगळू, तुला गमबूट आनून देतो."

मंगळूच्या पायात टायरच्या चपला होत्या. सातवे कलम त्याला पाठ होते. ते त्याने वाचलेले नव्हते.

मी पुन्हा सावळीरामसमोर उभी राहिले आणि त्या वेळी मी जे बोलले ते कोणत्याही महाविद्यालयात बोलता आले नसते. मी त्याला गाढव म्हटले, वडिलांचे नाव घेतले, मनोजच्या आईचे नाव घेतले. तो ऐकत होता. त्याचा चेहरा घामाने चमकत होता आणि मला दिसले की तोही घाबरलेला आहे. पण दीडशे माणसांसमोर, गमबुटाला कुंकू लागलेले असताना, थोरली बहीण ओरडली म्हणून पतंग उतरवणे हे त्याला विजेपेक्षा कठीण होते.

"आक्का," तो खालच्या आवाजात म्हणाला, "न लढता कसा उतरवू गं?"

तिसरी चमक. चौतीस.

मी द्राक्षे पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसकडे धावले. सदुसष्टाव्या वर्षी धावणे याला धावणे म्हणत नाहीत, पण दिशा तीच होती. माळ्यावर संक्रांतीचे उरलेले कागदी पतंग होते आणि खुंटीला वडिलांची आसारी. मी एक लाल पतंग घेतला, कण्णी तपासली, दोरा चिमटीत धरून पाहिला. साधा सुती, कोरडा. अजून पाऊस नव्हता, तोवर तो कोरडा राहणार होता. मी माझ्याच चौथ्या कलमाच्या विरुद्ध, माझ्याच सातव्या कलमातली सगळी लक्षणे डोळ्यांसमोर दिसत असताना, ढगाखाली पतंग उडवायला निघाले होते. माझा एखादा विद्यार्थी असे वागला असता तर मी त्याला नापास केले असते आणि वर्गात त्याचे नाव घेऊन केले असते. पण तो दोरा फार तर दोन मिनिटे वर राहणार होता, आणि तारेखाली दोन माणसे होती.

"सावळ्या!" मी ओरडले. "पेच लाव!"

रांग वळली. वीसही पत्रके हलायची थांबली.

"काय?"

"पेच लाव म्हटलं. की गुडघे बरे करता करता हातातला पतंग विसरलास?"

"आक्का, वय काय तुझं!"

"तुझ्याहून चार वर्षं जास्त. आणि अकरा संक्रांतींनी जास्त."

रांगेत 'ओ हो हो' झाले. मनोजने माझ्या हातातला पतंग घेतला, वीस पावले वाऱ्याकडे पाठ करून गेला आणि वर सोडला. वारा जोरात होता. कागद फडफडला, एकदा गोता खाल्ला, मग चढला. पन्नास वर्षांनी माझ्या चिमटीत दोऱ्याचा तो ताण आला. तो मला आवडला, हे इथे नोंदवते. त्याचा विषयाशी संबंध नाही.

"हारलीस तर?" सावळीराम ओरडला. त्याच्या चेहऱ्यावर नववीतले काहीतरी आले होते.

"तर हे पत्रक सगळ्यांसमोर फाडीन!"

"आन् मी हारलो तर?"

"तू कधी जिंकलायस का, म्हणून विचारतोस!"

आता मंगळूसुद्धा हसत होता. मी वाऱ्याच्या बाजूने थोडी सरकले आणि माझा दोरा त्याच्या तारांवर आडवा टाकला.

पेचात दोन रस्ते असतात. एक ढील: दोरा सोडत राहायचे, म्हणजे तो एका जागी घासत नाही, निसटतो, वेळ मिळवतो. दुसरा खेच: ताणून ओढायचे. समोर ताणलेली तार असेल तर कच्च्या दोऱ्याने खेचणे म्हणजे सुरीवर स्वतःची बोटे ओढणे. हे मला वयाच्या नवव्या वर्षापासून माहीत आहे. आमच्या गल्लीत माझ्याइतकी लांब, शांत आणि अपमानकारक ढील कोणी देत नसे. अकरा वर्षे सावळीराम त्या ढिलीवरच हरला.

चौथी चमक. मी मोजायला लागले आणि खेचले.

एक, दोन, तीन. दोरा तारेवर कुरकुरला. सात, आठ. सावळीरामने दांडी डावीकडे ओढून तारा माझ्या दोऱ्यावर घासल्या. छान घासल्या, उगाच खोटे का सांगा. बारा, तेरा. चिमटीतला ताण एकाएकी नाहीसा झाला. लाल पतंग हेलकावे खात फुगवट्याच्या पाण्याकडे निघाला.

"वकाट!" सावळीराम ओरडला. त्या आवाजात त्रेसष्ट वर्षांचे काहीही नव्हते. "वकाट! आक्का काटली! मंगळू, बघितलं का? आक्काला काटलं!"

रांग ओरडली, शिट्ट्या वाजल्या, कुसाबाईंनी दोन्ही हात वर केले. मी सव्वीसपर्यंत पोचले तेव्हा गडगडाट आला, आणि या वेळी तो कपाटाचा नव्हता.

"नियम!" मी ओरडले. "सावळ्या, नियम! खाली घे आणि माझ्या हातात दे!"

तो नियम मोडील अशी शंकासुद्धा मला आली नाही. ज्या माणसाने विजेची पर्वा केली नाही त्याने वडिलांचा शब्द एका क्षणात पाळला. त्याने दांडीचे एक टोक पूर्ण खाली ओढले. नऊ चौरस मीटरचा तो राक्षस वाकला, कप्प्यांतला वारा गेला आणि तो लंगडत मोकळ्या रानात उतरला. मनोजने आणि इतर चौघांनी त्याच्यावर बसकण मारली. सावळीरामने आकडा सोडला. मंगळूने फास सोडून पहिल्यांदा स्वतःच्या दंडावरून हात फिरवला.

"तारांना कोणी हात लावू नका! सगळे पॅकहाऊसमध्ये! पत्रक नंतर फाडते, आधी आत!"

जिंकलेल्या सभेला कुठेही नेता येते. पाचव्या मिनिटाला दीडशे माणसे क्रेटच्या थप्प्यांमध्ये, पक्क्या भिंतींच्या आत उभी होती. वारा पडला, फिरला, मग उलट बाजूने आला. सहाव्या मिनिटाला चमक आणि आवाज एकदमच आले, मोजायला काही उरलेच नाही. पाण्याच्या काठची वाळकी बाभूळ, आमच्या रांगेपासून फार तर दोनशे पावलांवर, मधोमध उभी फाटली होती आणि धूर सोडत होती.

पॅकहाऊसमधले सगळे दारातून बाभळीकडे बघत होते. मला वाटले, आता. चौतीस वर्षांत न मिळालेला प्रात्यक्षिकाचा तास, उपकरणे आकाशाने पुरवलेली, आणि वर्ग पूर्ण हजर. मी घसा साफ केला.

"बघितलं का," कुसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भक्तीने कापत होता. "भाऊंनी इथली वीज ओढून घेतली होती म्हनून ती तिकडं गेली. न्हाय तर आपल्यावरच यायची."

सगळ्यांनी सावळीरामकडे पाहिले. दोन बायका वाकून त्याच्या गमबुटांच्या पाया पडल्या. मी घसा साफ केलेला होता तो तसाच ठेवला, आणि शब्दाप्रमाणे पत्रक फाडायला घेतले. प्लास्टिकमुळे ते फाटेना. शेवटी मंगळूने छाटणीच्या कात्रीने मदत केली.

पाऊस अर्धा तास झाला. लोक गेले, नारळ घेऊन गेले नाहीत. मी पॅकहाऊसच्या ओट्यावर बसले होते. सावळीराम आला. त्याने गमबूट काढले होते, अनवाणी होता, आणि छातीशी तो मोठा पतंग गुंडाळून धरला होता. चिखलाने माखलेला, तारा कापून टाकलेल्या. त्याने तो माझ्या मांडीवर ठेवला. ओले कापड भलतेच जड होते.

"नियम म्हंजे नियम," तो म्हणाला. "आता हा तुझा. तू देशील तेव्हाच उडायचा."

"मी नाही देणार."

"माहीत हाय." तो शेजारी बसला. फाटलेल्या बाभळीतून अजून धूर येत होता. त्याने तिकडे बघितले. "दीडशे मानसं होती, नाय?"

"होती."

"आन् मंगळू."

"आणि मंगळू."

त्याने पायाचा चिखल ओट्याच्या कडेला पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, तू खेचलंस."

"हं."

"तू कधी खेचत नायस. ढील देतीस."

"वय झालं, सावळ्या. हात चुकला."

"असं." त्याने मान हलवली. "पन मी काटलं, हे तर खरं?"

वकाट म्हणतानाचा त्याचा चेहरा मला आठवला. पन्नास वर्षांचे थकलेले देणे मी एवढ्या स्वस्तात कधी फेडले नव्हते.

"काटलंस," मी म्हटले. "चांगलं काटलंस. डावीकडनं घासलंस ते वडिलांसारखं होतं."

तो लाजला. त्रेसष्टाव्या वर्षी द्राक्षवाला लाजला की कानापासून सुरुवात होते. मग त्याने तर्जनी पुढे केली आणि हळूहळू माझ्या कोपराजवळ आणली. मी, सगळे जाणत असून, अंग आखडले. त्यानेही आखडले. बोट टेकले. काहीच झाले नाही.

"गेलं वाटतं सगळं," तो म्हणाला.

"पाय जमिनीवर आहेत तुझे," मी म्हटले, आणि कलम क्रमांक नऊ, म्हणजे भार जमिनीत कसा उतरतो ते, तिथल्या तिथे तोंडी समजावून सांगायला सुरुवात केली. त्याने मधेच एकदाही अडवले नाही. उद्या तारा परत मांडवाला लावतो म्हणाला, आणि बोट काढायला विसरला.